तक्त्यातली ओळ आणि माणसाची ओळख

सायबेरियाच्या दक्षिणेस, कुझबास या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात, शोर नावाची एक लहानशी जमात राहते. तिची भाषा तुर्की कुळातली. रशियाच्या २००२ च्या जनगणनेत या जमातीची सुमारे चौदा हजार माणसे नोंदली गेली. २०१० मध्ये हा आकडा तेरा हजारांच्या आत आला आणि २०२१ मध्ये तो साडेदहा हजारांपर्यंत उतरला. दोन दशकांत एक चतुर्थांश जमात कागदावरून नाहीशी झाली. 'कागदावरून' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. रशियात वंशाची नोंद सांगणाऱ्याच्या शब्दावर होते. खाणींबरोबर शहरे आली, शाळांची भाषा रशियन झाली, मिश्र विवाह झाले. त्यामुळे शोर आजीची नातवंडे स्वतःला रशियन म्हणवू लागली. संख्या घटण्यासाठी दर वेळी माणसे मरावीच लागतात असे नाही. त्यांनी स्वतःला दुसऱ्या नावाने सांगितले तरी पुरते.

लासूर स्टेशनसारख्या गावात बसून शोरांची चिंता करणे कोणास हास्यास्पद वाटेल. परंतु मला त्यांची चिंता नव्हे, काहीसा हेवा वाटतो. आपण किती उरलो आहोत हे त्यांना ठाऊक आहे. आपल्या महाराष्ट्रातील काही जमातींना तेवढेही भाग्य लाभलेले नाही.

आपल्याकडचा चढता आकडाही शोरांच्या उतरत्या आकड्याइतकाच फसवा आहे. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या साडेएकोणतीस लाख होती. १९८१ मध्ये ती जवळपास अठ्ठावन्न लाख झाली. दहा वर्षांत कोणताही समाज दुप्पट होत नाही. मधल्या काळात, १९७६ मध्ये, संसदेने क्षेत्रबंधन उठवणारा कायदा केला. तोवर अनेक जमातींना काही ठरावीक तालुक्यांतच अनुसूचित मानले जात होते, पुढे ती मान्यता राज्यभर लागू झाली. क्षेत्रबंधनामुळे बाहेर राहिलेल्या खऱ्या आदिवासींना न्याय मिळाला, हे मान्यच केले पाहिजे. पण नामसाधर्म्याच्या आधारे झालेले दावेही याच वाटेने आले आणि त्यांचे वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. हलबा आणि कोष्टी यांच्याविषयीचा २००० सालचा निकाल सर्वश्रुत आहे. २०११ मध्ये राज्यातील एकूण आकडा एक कोटी पाच लाखांवर गेला. एवढ्या मोठ्या बेरजेत लहान जमात कुठे आहे, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही.

केंद्र शासनाने महाराष्ट्रातील तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कातकऱ्यांना अनुसूचीत स्वतःची नोंद आहे. त्यामुळे २००१ मध्ये ते सुमारे २ लाख ३५ हजार होते आणि २०११ मध्ये २ लाख ८५ हजार झाले, असे आपण खात्रीने म्हणू शकतो. कोलामांच्या नोंदीत मन्नेरवारलू हे नावही जोडलेले आहे. म्हणून २०११ चा सुमारे १ लाख ९५ हजारांचा आकडा वाचताना तो यवतमाळच्या पोडांवरील कोलामांचा किती आणि इतरांचा किती, हे कळत नाही. माडिया तर गोंडांच्या सोळा लाखांच्या बेरजेत विरघळून गेलेले आहेत. ज्या जमातीला आपण असुरक्षित म्हणतो, ती वाढते आहे की घटते आहे, हे दशवार्षिक गणनेतून सांगता येत नसेल, तर 'असुरक्षित' या शब्दाला अर्थ तो काय उरला?

याहून विदारक अवस्था निहालांची आहे. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनबर्डी, चालठाणा अशा गावांत हे लोक राहतात. त्यांची निहाली ही भाषा इंडो-आर्य नाही, द्राविड नाही आणि मुंडाही नाही. तिच्यात कोरकू, मराठी आणि द्राविड शब्दांची गर्दी आहे, परंतु ही सारी उसनवारी बाजूला केल्यावर उरणारा गाभा जगातील कोणत्याच ज्ञात भाषाकुळाशी निर्विवादपणे जुळत नाही. ग्रिअर्सन यांनी तिची दखल घेतली. १९६२ मध्ये कायपर या डच पंडिताने तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुण्याच्या आशा मुंडले यांनी तिचा शब्दसंग्रह सिद्ध केला. आज ही भाषा बोलणारे दोन-अडीच हजार असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जनगणनेजवळ मात्र त्यांचा आकडाच नाही.

तो का नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचीत 'निहाल' हे नाव कोरकूंच्या नोंदीत पोटशब्द म्हणून येते. त्यामुळे निहाल माणूस मोजला जातो तो कोरकू म्हणून, राज्यातील सुमारे २ लाख ६४ हजार कोरकूंपैकी एक म्हणून. भाषेच्या तक्त्यात तरी तो दिसावा, तर तिथे दुसरी चाळणी आहे. १९६१ च्या जनगणनेने १,६५२ मातृभाषांची यादी छापली होती. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे प्रसिद्ध करणे बंद झाले आणि त्या 'इतर' या रकान्यात गेल्या. म्हणजे जमात म्हणून निहाल कोरकूंत जमा आणि भाषक म्हणून 'इतरां'त जमा. उद्या शेवटचा निहाली बोलणारा गेला, तरी जनगणनेच्या छापील पानावरील एकही अंक बदलणार नाही.

यावर एक व्यवहारी आक्षेप घेतला जातो. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची नावे १९,५६९ होती, ती सगळी छापायची काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. त्यात एकाच बोलीची अनेक नावे होती, गावांची आणि जातींची नावेही होती. छाननीनंतर ती १,३६९ उरली. पण ही छाननी होऊन गेल्यावरही दहा हजारांची मर्यादा का लागावी? कागद आणि छपाई महाग होती तेव्हाची ही काटकसर संगणकाच्या काळात निरर्थक आहे. दुसरा आक्षेप असा की, माणसे जगली म्हणजे झाले, भाषेचे काय एवढे? गंमत अशी की, हा प्रश्न मराठीविषयी कोणी विचारला तर आपण खवळून उठतो. २०११ मध्ये सव्वाआठ कोटींहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून मराठी सांगितली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिला अभिजात दर्जाही मिळाला. तरीही मराठी मरते आहे, ही आपल्या परिसंवादांची आवडती हाकाटी. त्याच महाराष्ट्रात दोन-अडीच हजारांची एक अद्वितीय भाषा मराठीच्याच दडपणाखाली विझत असेल, तर आपल्या भाषाप्रेमाला ते दिसू नये, हा केवळ योगायोग नव्हे.

१६ जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ असा ठरवला आहे. या गणनेत जातींचीही नोंद व्हावयाची आहे. जातींचे आकडे राजकारणाला हवे असल्याने त्यांची चर्चा खूप झाली. पोटनोंदीतल्या लहान जमातींना कोणी वाली नाही. मागणी साधीच आहे. अनुसूचीतील एका नोंदीखाली जी नावे आहेत, त्यांचे आकडे वेगवेगळे प्रसिद्ध करावेत. अनुसूची त्यासाठी बदलावी लागत नाही. आणि मातृभाषेच्या तक्त्यातील दहा हजारांची अट काढून टाकावी.

एक काम मात्र शासनाचे नाही, आपले आहे. प्रगणक म्हणून दारोदार जातात ते बहुतांशी शिक्षक, म्हणजे आमच्यासारख्यांनीच वर्गात शिकवलेली मुले. मातृभाषेच्या रकान्यात घरच्यांनी सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहावे, असा जनगणनेचा नियम आहे. तरीही भिल्ल वस्तीवर न विचारताच 'मराठी' लिहून पुढे जाण्याचा मोह होतो. आमच्या महाविद्यालयातील प्रवेशअर्जांतही घरी भिल्ली बोलणारी मुले मातृभाषा 'मराठी' लिहितात, कारण दुसरे काही लिहिता येते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मराठीच्या प्राध्यापकाने ते सांगणे, यात मराठीचा द्रोह नाही. शोरांनी आपले नाव निदान स्वतःच्या तोंडाने सोडले. आपल्या शेजाऱ्यांचे नाव आपण त्यांना न विचारताच खोडतो आहोत.