चढउताराचे दहा गुण

तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धांवर मी पूर्वीही तोंडसुख घेतलं आहे, वाचकांना ते पाठ झालं असेल. या आठवड्यात पुन्हा निमित्त मिळालं. जव्हारकडच्या एका शाळेत स्वमग्नतेचं निदान झालेला चौथीतला मुलगा पाणीटंचाईवर बोलला. विहीर कुठल्या महिन्यात आटते, कुठल्या पाड्यावर टँकर कधी येतो, सगळं सांगितलं. आवाज चढा, एकाच पट्टीतला, प्रत्येक वाक्याचं शेवटचं अक्षर ताणलेलं. परीक्षक गालात हसले. शेरा : 'पाठांतर चांगले, भाव नाही.' आवाजातील चढउताराच्या दहा गुणांत भोपळा.

अमेरिकेतल्या नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या परीक्षकांना वाचून दाखवावा म्हणतो. स्वमग्न आणि इतर प्रौढांच्या बोलण्याचे छोटे तुकडे अनोळखी लोकांपुढे ठेवले. कुणाला चित्रफीत, कुणाला नुसता आवाज, कुणाला फक्त छायाचित्र, कुणाला बोललेले शब्द कागदावर उतरवून. ज्यांनी ऐकलं किंवा पाहिलं, त्यांच्या मनातून स्वमग्न माणसं काही सेकंदांत उतरली. यांच्याशी बोलायला नको, असं वाटलं. ज्यांनी नुसता कागद वाचला, त्यांना दोन्ही गटांत फरकच जाणवला नाही. म्हणणं कुणालाच खटकलं नव्हतं.

प्रौढांचा अभ्यास, तोही तिकडचा, मोखाडा-जव्हारला कसा लागू, असं कुणी विचारेलच. नसेल लागू. मी त्या मुलाचं भाषण वहीत उतरवून पहिल्या आलेल्या भाषणाशेजारी ठेवलं. पहिल्या आलेल्यात 'जल हेच जीवन' चारदा आहे, आटलेली विहीर एकदाही नाही.

त्याच समारंभात आदिवासींचं फुंकवाद्य, तारपा, वाजू लागलं, तेव्हा पाहुणे मोबाइल उंचावून उभे. श्वास न तोडता घुमणारा तो सूर त्यांना 'अस्सल' वाटतो. पोरानं पट्टी बदलली नाही की भाव नाही! आणि लेकराला भगताकडे नेलं म्हणून आदिवासी आईबापांना हसणारे ते हेच.

भगताकडे नाही तर जायचं कुठे? सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत स्वमग्नता आहे, तपासणी पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं असतं. वजन आणि दंडघेर मोजण्याच्या घाईत 'बोलतो का?' एवढंच विचारून पुढे जात असावेत, असा माझा संशय. हा मुलगा तर भरपूर बोलतो. निदान व्हायला आठवं वर्ष उजाडलं. आता शाळेनं आईला तोडगा सुचवलाय : पुढच्या वर्षी भाषण नको, समूहगीतात मागच्या रांगेत उभा करू.