लेकराला सारे कळते



पेरणीनंतरचे पहिले दोन महिने कपाशी तणात अडकली, तर मागाहून कितीही डवरणी केली तरी ती कसर भरून निघत नाही, हे आदिलाबादच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. लेकराबद्दल मात्र आपण हे विसरतो. सावकाराचा तगादा येतो, दारू येते, भांडण होते, आणि कोपऱ्यातल्या पोराकडे पाहून म्हणतो, "त्याला काय कळते!"

त्याला कळते. चिडलेला माणूस बायकोशी कसा वागतो, हे ते तेथेच शिकते. मुलगा पुढे हात उगारतो. मुलगी सोसणे म्हणजेच संसार असे धरून चालते.

रेव्हरंड ना. वा. टिळक व लक्ष्मीबाई यांचा संसार 'स्मृतिचित्रे'मुळे सर्वांस ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड होते. सारे घर त्यांच्या धाकात. टिळकांचे वडील तापट; आई गेल्यावर त्यांनी लहानपणीच घर सोडले. पुढे टिळकही रागाच्या भरात न सांगता निघून जात, आणि लक्ष्मीबाईंच्या मनातून सोवळे जाता जात नसे. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले व दोघांची ताटातूट झाली. तरी ती दोघे पुन्हा एकत्र आली. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून सोवळे टाकले व १९०० साली बाप्तिस्मा घेतला. कपाशीचा गेलेला हंगाम परत येत नाही. माणसाला मात्र सुधारता येते.

हा आरोग्याचाही प्रश्न आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. फेलिट्टी व डॉ. अँडा यांच्या अमेरिकेतील पाहणीत दिसले की बालपणी मार, अपमान, घरातले व्यसन असे त्रास जितके अधिक, तितके मोठेपणी व्यसन, खिन्नता व हृदयविकार यांचे प्रमाण अधिक.

सोयरीक जुळवताना आपण एकर विचारतो, विहिरीचे पाणी विचारतो. त्या घरात भांडण कसे मिटते, हे कोणी विचारत नाही. आमच्या मते विवाह संस्काराच्या तयारीत वधूवरांनी हे एकमेकांस मोकळेपणी सांगितलेच पाहिजे.

बापांनी मुलांना चिडवून खचवू नये, असे संत पौल बजावतो (कलस्सै ३:२१). म्हणून आमची विनंती एवढीच: भांडण पोरांसमोर झाले, तर समेटही पोरांसमोर करा. बापाच्या तोंडून "माझे चुकले" हे ज्याने ऐकले, त्याला उद्या बायकोपुढे तेच म्हणणे जड जाणार नाही. आणि जेथे रोजचा मार आहे, तेथील बहिणीला "सोस" असे आम्ही सांगणार नाही. तिने आमच्याकडे किंवा सिस्टरांकडे यावे, अथवा १८१ क्रमांकावर फोन करावा.