पदवी आणि वर्ग

पेढीवर नवा मुनीम ठेवावयाचा असला म्हणजे आमचे व्यापारी बंधु त्याची पदवी पाहून थांबत नाहींत. कांहीं महिने जुन्या मुनिमाच्या हाताखालीं बसवून मगच कीर्द-खतावणी त्याच्या हातीं देतात. आम्हां वकिलांसही नुसत्या सनदेनें उलटतपासणी साधत नाहीं. मग पन्नास मुलांचा वर्ग तेवढा पदवीच्या बळावर स्वाधीन कां करावा?

न्या. वर्मा आयोगानें २०१२ सालीं शिक्षक-प्रशिक्षणाचे दोष वेशीवर टांगले. पुढें २०१५ पासून बी. एड्. चा एक वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, व त्यांत २० आठवडे शाळेंत घालविण्याचा नियम आला. नियम उत्तम, पण घोकलेला पाठ, रंगीत तक्ता, मागील बांकावर परीक्षक आणि आधींच पढविलेलीं मुलें, एवढ्यास सराव म्हणणें ही आत्मवंचना होय. ज्यास समजलें नाहीं त्या मुलाजवळ कसें बसावें, हें त्यांत शिकावें कोठें?

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, तें चालत्या बालवाडींत, खऱ्या मुलांमध्यें. तोच मार्ग खरा. उमेदवारानें एक संपूर्ण सत्र एकाच अनुभवी शिक्षकाच्या हाताखालीं काढावें, त्या शिक्षकास मोबदला मिळावा, व त्याच्या अभिप्रायावांचून पदवी देऊं नये. पालकांनीं व संस्थाचालकांनीं आग्रह धरल्यावांचून हें घडणार नाहीं. मुनिमाची चूक खतावणींत दुरुस्त होते. शिक्षकाची चूक मुलाच्या आयुष्यांत राहते.