नर की मादी, ते आधी सांगा

२०२४च्या मे महिन्यात माझ्या गच्चीवरच्या कोकमाला एकोणीस रातांबे धरले. माझं माहेर कुडाळजवळचं. तिथे एका झाडाखाली सकाळी झाडलोट करताना याहून जास्त गोळा होतात. पण हे झाड निफाडला आहे, पिंपात आहे, आणि या एकोणीस फळांसाठी तेरा वर्षं लागली. त्यातली साडेआठ वर्षं विकणाऱ्याने न सांगितलेल्या एका शब्दापायी गेली. त्या शब्दाबद्दल मला लिहायचं आहे.

२०११च्या पावसाळ्यात माहेराहून परतताना महामार्गालगतच्या एका रोपवाटिकेत मी ते रोप घेतलं. ‘कलमच ना?’ असं दोनदा विचारलं. ‘कलमच आहे ताई, चार वर्षांत फळ,’ असं उत्तर मिळालं. काळ्या पिशवीतलं हातभर उंचीचं रोप, वरची पालवी तांबूस. ती पालवी पाहूनच मी हरखले. कलमाच्या खोडावर सांध्याची खूण शोधायची असते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पिशवीला चिठ्ठी नव्हती. त्या रोपवाटिकेतल्या एकाही पिशवीला नव्हती.

निफाडची थंडी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कितीवर आला, ही बातमी दर हिवाळ्यात तुम्ही वाचता. ते केंद्र आमच्या घरापासून जवळ आहे. चार अंश, तीन अंश हे आम्हाला नवीन नाही. एखाद्या पहाटे गवतावरचं दव गोठलेलं दिसतं. आणि हाच गाव एप्रिलमध्ये चाळीस ओलांडतो. कोकणातलं झाड या दोन्ही टोकांना ओळखत नाही. त्याला माहीत असतो दमट वारा, जांभ्याची आंबट माती आणि उबदार रात्र.

त्यात झाड कुंडीत असलं की दोन्ही टोकं जास्तच बोचतात. जमिनीतल्या झाडाची मुळं हात-दीड हात खाली उबेत असतात. गच्चीवरच्या पिंपाला चारी बाजूंनी वारा लागतो. हवेत जेवढी थंडी, तेवढीच पहाटेपर्यंत मुळांशी. उन्हाळ्यात उलट होतं, पिंपाच्या कडेची माती हाताला चटका देते. मी जे शिकले ते झाडं गमावून शिकले. पहिला गेला फणस. त्याला थंडीने मारलं असं मी बरीच वर्षं समजत होते. खरं तर पाण्याने मारलं. पानं मलूल दिसली म्हणून मी रोज संध्याकाळी पाणी घालत राहिले. गार मातीत मुळं पाणी ओढत नाहीत, ती नुसती भिजत राहतात आणि कुजतात. आता डिसेंबर-जानेवारीत मी बोट दोन पेरं मातीत घालून पाहते, आणि लागलंच तर सकाळी दहानंतर विहिरीचं कोमट पाणी देते, तेही थोडं. आमची काळी माती तर कुंडीत नकोच. ती पाणी धरते आणि सुकली की भेगाळते. तांबडी माती, शेणखत, कोकोपीट आणि इगतपुरीकडून आणलेलं भाताचं तूस, हे मिश्रण मला मानवलं. पावसाचं पाणी दोन टाक्यांत साठवते, कारण बोअरच्या क्षारांनी कोकमाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

२०१८च्या डिसेंबरअखेरची रात्र मी विसरणार नाही. हे आणि थोरला दीर द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत होते. मणी फुगण्याच्या वेळी अशी थंडी आली की ते तडकतात, म्हणून धूर करायचा आणि पहाटे ठिबक सोडायचं. मी गच्चीवर होते. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. सगळ्यात वाईट रात्र तीच, कारण दिवसभराची ऊब सरळ वर निघून जाते, तिला अडवायला ढगही नसतो. जिन्याच्या खोलीची दक्षिणेकडची भिंत दिवसभर ऊन खाते आणि रात्री ते हळूहळू सोडते, म्हणून सगळ्या कुंड्या मी तिथे ओढल्या होत्या. मध्ये पाण्याने भरलेली दोन पिंपं ठेवली होती. कोकमावर प्लास्टिक टाकायला निघाले, तेवढ्यात सासूबाई जिना चढून वर आल्या. पंचाहत्तरी उलटलेली बाई, खांद्यावर जुनी घोंगडी. म्हणाल्या, ‘प्लास्टिक चिकटलं का पान जळतं. त्याला हे पांघर.’ बांबूचा सांगाडा करून आम्ही दोघींनी ती घोंगडी त्यावर टाकली, पानांना न टेकवता, खाली गच्चीपर्यंत. पहाटे तापमापकावर अडीच अंश होते. शेंडे काळे पडले, झाड वाचलं.

ते झाड जगवायला मी जेवढं केलं तेवढं पुढच्या वर्षी त्याला फुलं आली तेव्हा डोळ्यांत उभं राहिलं. २०१९च्या डिसेंबरात फुलं दिसली, झुपक्याझुपक्यांनी. फोटो काढून भावाला कुडाळला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. आधी काही बोलेना. मग म्हणाला, ‘ताई, हो नर आसा. हेका रतांबे लागूचे नाय.’

कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बी पेरून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. पानावरून, खोडावरून काही कळत नाही. फूल येईपर्यंत सात-आठ वर्षं थांबावं लागतं. म्हणूनच कलम करायचं. मादी झाडाची काडी बांधली की झाड मादीच होणार, आणि फळही लवकर. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात दिली आहे, तीही कलमानेच वाढवतात. म्हणजे ज्ञान आहे, तंत्र आहे, रोपं करणारी कुशल माणसंही आहेत. मला विकलेलं रोप बीचं होतं, आणि ज्याने बी पेरलं त्याला आपण बी पेरलंय हे नक्की माहीत होतं. ते पिशवीवर लिहायला किती खर्च आला असता?

माझं म्हणणं एवढंच आहे. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फळझाडाच्या पिशवीला चिठ्ठी हवी. रोप बीचं की कलम. कलम असेल तर काडी कोणत्या झाडाची, खुंट कोणता. कोकम, जायफळ अशा झाडांत नर, मादी, की ‘सांगता येत नाही’. किती अंशांपर्यंतची थंडी सोसेल. ‘माहीत नाही’ असं लिहिलेलंही चालेल, कारण मग घेणारा डोळे उघडे ठेवून घेतो. फळरोपवाटिका आणि फळझाडांची विक्री यासाठी आपल्या राज्यात १९६९पासून कायदा आहे, धंद्याला परवाना लागतो. त्या परवान्याचा उपयोग गच्चीवर एक झाड लावणाऱ्या माणसालाही व्हायला हवा. रस्त्याच्या कडेला टेम्पोत रोपं भरून विकतात, तिथेही.

आमच्याच घरातलं उदाहरण देते. द्राक्षाची रोपं घ्यायची असली की हे आधी विचारतात, खुंट कोणता, डॉगरिज की ११० आर? काडी कोणाच्या बागेतली? उत्तर मिळाल्याशिवाय हात लावत नाहीत, आणि विकणाराही सांगतो, कारण समोर एकरांचं गिऱ्हाईक आहे. त्याच माणसाची बायको शंभर रुपयांचं एक रोप घेते तेव्हा तिला कुणी काही सांगत नाही. पण वर्षं तर दोघांचीही सारखीच जातात.

कुंडीत लावणाऱ्याच्या गरजाही वेगळ्या आहेत, आणि त्या कुणी विचारत नाही. कोकमाच्या सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी बांधली तर झाड उंच, शंकूसारखं होतं. आडव्या फांदीची काडी बांधली तर ते बसकं राहून पसरतं. जायफळाचंही असंच. बागायतदाराला उंच झाड हवं, म्हणून आडव्या काडीच्या कलमाला तो नाक मुरडतो. मला तेच हवं असतं! आंब्याचंही तसंच. पुण्या-नाशकात फ्लॅटच्या बाल्कनीसाठी माणसं हापूसचं कलम नेतात, कारण नाव हापूसचं. दिल्लीच्या पुसा संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून केलेली आम्रपाली मुळातच ठेंगणी आहे. शेतात ती अडीच-अडीच मीटरवर, हेक्टरी सोळाशे झाडं अशी लावतात. माझ्याकडे ती अर्ध्या पिंपात सहा वर्षं आहे आणि फळते. हे सांगणारा माणूस रोपवाटिकेत असतो, पण विचारायचं काय हेच घेणाऱ्याला माहीत नसतं. चिठ्ठी असली की निदान प्रश्न तरी सुचतात.

‘जिथलं झाड तिथंच बरं’, हे मला आमच्या गावात पुष्कळ जणांनी ऐकवलं आहे. काळजीने सांगतात. पाणी कशाला घालवायचं, आमसुलं बाजारात मिळतात. त्यांना मी समोरची बाग दाखवते. द्राक्ष इथलं आहे का? थंड मुलखात हिवाळ्यात पानं गाळून झोपणारा हा वेल. आमच्याकडे तो झोपत नाही, म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटायचं, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तेव्हा एक पीक हाती लागतं. आमच्या तालुक्याचे बंगले, ट्रॅक्टर, पोरांची शिक्षणं, सगळं परक्या हवेत एक वेल रुजवण्यातून आलं आहे. त्यासाठी पिढ्यांनी डोकं आणि हात झिजवले. एका कोकमासाठी मी जे करते ते त्याच जातीचं काम आहे. आणि पाण्याचं म्हणाल तर झाडाला रोज एक कळशीही लागत नाही. एप्रिल-मेमध्ये पिंपाला बाहेरून कांद्याच्या जुन्या गोण्या गुंडाळते आणि त्या तेवढ्या ओल्या करते.

पिंपाची एक अडचण मात्र मला लवकर सोडवता आली नाही. मुळं आत गोल गोल फिरत राहतात आणि झाड स्वतःलाच आवळतं. दर तीन वर्षांनी ते उपटून मुळं छाटायची म्हणजे चार माणसं लागतात, आणि उपटताना अर्धी मुळं तुटतात. मुलीने एकदा फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यातले फोटो दाखवले. तिथे संत्र्या-लिंबांसारखी हजारावर झाडं पेट्यांत वाढवलेली आहेत. उन्हाळ्यात बाहेर, थंडीत एका लांबलचक दगडी दालनात. ते दालन १६८४ ते १६८६ या काळात बांधलेलं. मला दालनापेक्षा पेटीत रस वाटला. तिच्या बाजू उघडतात. झाड न हलवता मुळं पाहता येतात, कापता येतात, माती बदलता येते. पिंपळगावच्या एका फॅब्रिकेटरला मी फोटो दाखवला. त्याने दोन फूट लांब-रुंद-उंच लोखंडी पेटी केली, एका बाजूला बिजागऱ्या आणि खिट्टी, खाली चार चाकं. भरल्यावर तिचं वजन अडीचशे किलोंच्या वर जातं, म्हणून ती बीमच्या रेषेवरच ठेवते. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला कोकम तिच्यात जाणार आहे.

नर निघालेलं झाड काढून टाकावं असं घरात सगळ्यांना वाटलं. मला ते जमलं नाही. २०२०च्या फेब्रुवारीत भाऊ रात्रीच्या बसने आला. आईच्या परड्यातल्या मादी झाडाच्या काड्या त्याने ओल्या फडक्यात आणि केळीच्या सोपात गुंडाळून आणल्या होत्या. पहाटे चहाही न घेता तो गच्चीवर गेला. ब्लेड, प्लास्टिकची पट्टी, सात काड्या. चार फांद्यांवर त्या बांधल्या, त्यातल्या तीन लागल्या. नराच्या दोन फांद्या त्याने मुद्दाम ठेवल्या, परागासाठी. त्यानंतर थोड्याच दिवसांत टाळेबंदी लागली आणि पुढे दीड वर्ष मी त्याला भेटले नाही. आई त्या काळात गेली. तिच्या झाडाची फांदी माझ्या गच्चीवर आहे.

एकोणीस रातांब्यांची सालं मी परातीत वाळवली, रसाचे तीन हात दिले. सोलकढी दोनदा झाली. सासूबाईंनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. बिया लगेच पेरल्या, कारण कोकमाचं बी वाळलं की उगवत नाही. अकरा रोपं झाली.

शेजारच्या घरची सून रत्नागिरीकडची आहे. तिने एक रोप मागितलं. रंगाच्या डब्याचा पत्रा कापून मी पट्टी केली आणि खिळ्याने लिहिलं: कोकम. बीचं रोप. जून २०२४. नर की मादी, सात-आठ वर्षांनी कळेल. ५ अंशांखाली पांघरूण.

तिने ते दोनदा वाचलं.

‘मावशी, नर निघाला तर?’

‘तर काडी माझ्याकडून घेऊन जा. फेब्रुवारीत ये, बांधायला शिकवते.’

थोडा वेळ ती पिशवी हातात धरून उभी राहिली. मग विचारलं, पिंप केवढं घेऊ?