एमसीबीला न दिसणारा जॉइंट

राजगडाकडे निघालेली वाट मार्गासनीवरून गुंजवण्याला वळते. या पट्ट्यात लाकडी तुळयांची, कौलारू घरे अजून आहेत. माळ्यावर सरपण, शेजारी वैरण. दोन दिवे नि एका पंख्यापुरती ओढलेली वायर आणि तिच्यावर आता गिझर, फ्रिज, मोटर, असे घर आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. त्यात चार महिने भिंती ओल धरतात, उघडे तांबे काळवंडते.

आग लागली की ‘शॉर्टसर्किट’ म्हणून विषय संपतो. पण थेट शॉर्ट झाला तर चांगला एमसीबी क्षणात पडतो. खरी भीती सैल जॉइंटची आहे. हिशेब मांडून पाहा. 230 व्होल्टवर 2 किलोवॅटचा गिझर साधारण 8.7 अँपिअर घेतो. वाटेतल्या एखाद्या जॉइंटला 1 ओहम रोध आला, तर तेवढ्याशा जागेत सुमारे 70 वॅट उष्णता तयार होते. करंट मात्र वाढत नाही, उलट किंचित घटतो. त्यामुळे 16 अँपिअरचा एमसीबी पडत नाही. गळती नसल्याने आरसीसीबीही पडत नाही. साध्या पीव्हीसी वायरचे आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतचेच. ते आधी कडक होते, मग जळते, आणि शेजारी सागाची तुळई असते.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी लागलेल्या आगीत 72 माणसे गेली. ती सुरू झाली एका घरातल्या फ्रिजपाशी. चौकशीतल्या विद्युत तज्ज्ञाने संशयाचे बोट ठेवले ते नीट न दाबलेल्या एका क्रिम्प जोडावर.

म्हणून वायरमन बंधु-भगिनींनो, पिळून टेप मारलेला जॉइंट यापुढे नको. जोड कनेक्टरमध्येच आणि उघडता येईल अशा बॉक्समध्येच करा. स्क्रूखाली मावत नाहीत म्हणून वायरच्या तारा कापू नका, लग वापरा. गिझरला मेनपासून स्वतंत्र, पुरेशा जाडीची वायर द्या. जुन्या घरात नवा पॉइंट काढण्याआधी उपकरणे काढून 500 व्होल्टचा मेगर लावा. 1 मेगओहमच्या खाली आकडा आला तर तिथेच थांबा आणि घरमालकाला स्पष्ट सांगा. काळी पडलेली प्लेट नुसती बदलू नका, मागचा स्क्रू पाहा.

या तपासणीला वेळ लागतो, तिचे पैसे हक्काने मागा. जॉइंट घरमालकाला दिसत नाही, एमसीबीला दिसत नाही. तो आपल्यालाच दिसतो, तोही बॉक्सचे झाकण लागेपर्यंत.