जप्ती हवीच, पण न्यायालयाच्या दारातून

म्हैसूरच्या हेब्बाळ भागात इन्फोसिसच्या विस्तीर्ण आवाराभोवती जी औद्योगिक वसाहत पसरली आहे, तेथे शेड भाड्याने देणे हा अनेक कुटुंबांच्या उत्पन्नाचा आधार आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी म्हैसूरमधील मेफेड्रोनच्या कारखान्यावर छापा घातला. त्यानंतर येथील एका शेडमालकाने मला विचारलेला प्रश्न अजून मनातून जात नाही : ‘भाडेकरू टोळीवाला निघाला, तर माझी जागा माझी राहील का?’

टोळीचे बळ पैशात असते, त्यामुळे केवळ माणसे तुरुंगात टाकून ती मोडत नाही, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. तस्करांच्या मालमत्ता जप्त करणारा १९७६ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने १९९४ मध्ये वैध ठरवला. नातेवाइकांच्या नावावरील मालमत्ताही त्यातून सुटत नाही. मात्र ती मूळ तस्कराच्या पैशातून आल्याचा धागा असावा लागतो, असे पीठाने स्पष्ट केले. याच कायद्याखाली दाऊद इब्राहिमच्या आई व बहिणीच्या नावे असलेल्या नागपाड्यातील मालमत्ता जप्त झाल्या. त्याविरुद्धची याचिका एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अखेर फेटाळली गेली. जप्तीची कारवाई सुरू झाली होती १९८८ मध्ये. निकाल योग्यच होता; पण तीस वर्षांचा विलंब ना शासनाच्या हिताचा, ना दावेदाराच्या.

हा विलंब टाळण्याचे दोन मार्ग आपल्या राज्यांनी निवडले. महाराष्ट्राचा १९९९ चा ‘मकोका’ आणि त्याच धर्तीवरील कर्नाटकचा २००० चा कायदा यांत जप्तीचा आदेश विशेष न्यायालय देते. उत्तर प्रदेशच्या १९८६ च्या गुंडविरोधी कायद्यात मात्र हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आहे. मालमत्ता गुन्ह्यातून मिळवली असे मानण्यास कारण आहे, एवढे त्यांना वाटले की जप्ती होते. मग मालकाने तीन महिन्यांत दाद मागायची आणि ती मालमत्ता गुन्ह्याची नाही हे स्वतःच सिद्ध करायचे. गुन्हा आणि मालमत्ता यांचा संबंध दाखवल्याखेरीज जप्ती टिकणार नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने वेळोवेळी बजावले आहे. या कायद्यातील तरतुदींच्या घटनात्मकतेलाच आव्हान देणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नोटीस काढली.

पण खरी कसोटी आता साऱ्या देशातच लागणार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०७ टोळीपुरते मर्यादित नाही. पोलीस अधीक्षकांच्या मान्यतेने तपास अधिकारी अर्ज करतो, न्यायालय चौदा दिवसांची कारणे दाखवा नोटीस देते आणि मालमत्ता गुन्ह्यातून आल्याचे पटल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत ती पीडितांमध्ये वाटण्याचा आदेश देऊ शकते. वाटपासाठी साठ दिवसांची मुदत आहे. दोषसिद्धीची अट मात्र नाही. पीडिताला लवकर भरपाई मिळावी, हा हेतू स्तुत्यच आहे. परंतु आरोपी पुढे निर्दोष सुटला, तर वाटून गेलेली रक्कम परत कशी आणणार? गोठवलेले परत देता येते, वाटलेले नाही. जप्ती आणि वाटप यांतील हा फरक कायद्याने पुरेसा जपलेला नाही, असे माझे मत आहे.

मार्ग कर्नाटकातूनच निघालेल्या एका प्रकरणात सापडतो. बेंगळुरूतील विद्यापीठाशी निगडित जमीन व्यवहाराच्या खटल्यात न्या. अभय ओक यांच्या पीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये, गुन्हा घडण्यापूर्वी घेतलेली मालमत्ता त्या गुन्ह्याची कमाई ठरू शकत नाही, असा निर्वाळा दिला. तो आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखालील निकाल असला, तरी तर्क सर्वत्र लागू पडावा असाच आहे.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला. तरी ‘कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय’ तो हिरावता येत नाही, हे अनुच्छेद ३००-अ आजही सांगतो. म्हणून तीन गोष्टी अपरिहार्य वाटतात : जप्तीआधी न्यायालयाची मोहोर, संबंध सिद्ध करण्याची प्राथमिक जबाबदारी शासनाची, आणि अंतिम निकालापर्यंत वाटपास मनाई.

हेब्बाळच्या त्या शेडमालकाला मी एवढेच सांगितले, की त्याच्या कष्टाच्या पैशातून उभी राहिलेली शेड भाडेकरूच्या गुन्ह्याची कमाई ठरत नाही. पण हे सांगायला त्याला कदाचित चौदा दिवसच मिळतील, हेही सांगावे लागले.