पॅरिसचे महागडे जेवण आणि आपला व्यापारी

कापडाच्या प्रीमियर व्हिजन प्रदर्शनासाठी पॅरिसला जाणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांना कधी ना कधी तिथला ग्राहक एखाद्या नामांकित हॉटेलात जेवायला बोलावतो. काही जण ही दावत टाळतात, तर काही जण संकोचापोटी समोर येईल ते खातात. माझ्या मते दोन्ही गैर आहे.

गोश्त हलाल नसणार, म्हणून मासा मागवला की प्रश्न सुटला, असा आपल्याकडे समज आहे. पण फ्रेंच स्वयंपाकात मासाही पुष्कळदा वाइनमध्ये शिजवतात आणि गोड पदार्थातही दारू असू शकते. जेवायला बसल्यावर हे सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण बरीच तयारी आधीच झालेली असते. म्हणून टेबल राखून ठेवतानाच यजमानामार्फत स्पष्ट कळवावे. चांगला खानसामा त्यात अपमान मानत नाही.

आपण यजमान असू तर दुपारी बोलवावे. अशा अनेक ठिकाणी दुपारचे ठराविक जेवण रात्रीपेक्षा बरेच स्वस्त असते. फ्रान्समध्ये दरपत्रक दाराबाहेर लावावे लागते, सेवेचा आकार त्या दरातच धरलेला असतो आणि साधे पाणी फुकट मिळते. तेव्हा हिशेब आत शिरण्यापूर्वीच करता येतो. त्यापुढे केवळ दिखाव्यासाठी केलेला खर्च म्हणजे इसराफच.

जो हलालबद्दल बोलायला लाजतो, तो मालातली खोट सांगायलाही लाजेल, असा अंदाज ग्राहकाने बांधला तर दोष कोणाचा?